जिन्यावरून पडलेली माणसं

६ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझ्या ऑफिसात फोन केला की तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर मी कोण, काय काम आहे, हे दर माणसाला नव्याने सांगावं लागतं. आणि आमच्या वॉर्डातला फोन आहे मेट्रनच्या टेबलावर. म्हणून पत्र लिहितेय.

परवा दुपारी पोलिसांनी आमच्याकडे एक पेशंट आणला. बस कंपनीतला कंडक्टर. सध्या त्यांचा संप चालू आहे, त्या युनियनचा हा सेक्रेटरी. बरोबर आलेला शिपाई म्हणाला, ठाण्याच्या जिन्यावरून पडला. पेशंटचे बूट त्याच्या छातीवर ठेवले होते, कारण ते पायांत जात नव्हते.

बरगड्या मोडल्यात, उजव्या हाताची बोटं मोडलीत आणि दोन्ही पायांचे तळवे असे सुजलेत की चादर लागली तरी तो कळवळतो. हाडांच्या वॉर्डात माझं आयुष्य गेलं. जिन्यावरून पडलेली माणसं मी खूप पाहिली. ती मनगटावर पडतात, खुब्यावर पडतात, म्हातारी माणसं तोंडावर आपटतात. तळव्यांवर पडलेला माणूस मी आजवर एकच पाहिला होता. तो तू.

मोठ्या डॉक्टरांनीही 'जिन्यावरून पडला' असंच लिहिलंय. मला म्हणाले, सिस्टर, तुम्हीही विचारलं तर हेच सांगा, उगाच कशाला.

वकीलसाहेबांना हे माहीत नसणार. पोलीस खातं त्यांच्याकडे असलं तरी मंत्र्याला दर ठाण्यात काय चाललंय ते कसं कळणार? तू त्यांचा सचिव आहेस, दिवसभर त्यांच्याबरोबर असतोस. तुझ्या कानाचा पडदा फाटला तेव्हा हा माणूस एक पैसा न घेता तुझ्यासाठी कोर्टात उभा राहिला होता. त्यांच्या कानावर एवढं घाल, बाकीचं ते बघतील.

आई बरी आहे. संध्याकाळी रेडिओजवळ बसते, साहेबांचं भाषण लागलं की हे माझ्या मुलाने लिहिलंय म्हणून शेजारणीला सांगते.

ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. एक सांगतो, असलं काही फोनवर कधी बोलू नकोस. टेलिफोन ऐकणारी माणसं आमच्याच खात्यातली आहेत, म्हणून तर सांगतोय.

साहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि 'वाईट झालं' म्हणाले. त्यांना वाईट वाटलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आता विरोधकांनी आरडाओरडा केलाय म्हणून ते एका निवृत्त न्यायाधीशांची चौकशीही नेमतायत. तेव्हा तू निश्चिंत राहा.

पण ताई, दुसरी बाजूही बघ. संपवाल्यांनी बसवर दगड मारले. एका ड्रायव्हरच्या डोळ्यात काच गेली, तोही कुणाचा तरी भाऊच आहे. पोलिसांनी या लोकांना बसायला खुर्च्या द्यायच्या का? आणि हे काय आमच्यापासून सुरू झालं? आधीच्या सरकारने गिरणीच्या दारात गोळ्या घातल्या, माणसं मेली. घरातून उचलून नेलेली पोरं वर्ष-वर्ष सापडली नाहीत. मी छापखान्यात टाइप जुळवणारा साधा कंपोझिटर, एक पत्रक छापलं म्हणून मला चार दिवस आत ठेवलं. आज जे पेपरवाले कंडक्टरसाठी गळा काढतायत, ते तेव्हा कुठे होते? माझा कान गेला तेव्हा कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं?

मी मारहाणीचं समर्थन करत नाही. एवढंच म्हणतो की जे लोक तेव्हा गप्प होते त्यांना आज बोलायचा अधिकार नाही.

तू मात्र यात पडू नकोस. डॉक्टरांनी जे लिहिलं ते त्यांच्या जबाबदारीवर. तुझी निवृत्ती जवळ आलीय.

आईला म्हणावं, पुढच्या आठवड्यात सभागृहातली चर्चा रेडिओवर आहे. जरूर ऐक.

धाकटा


२३ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझा कान गेला तेव्हा कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असं विचारलंस. माझ्या. आणि तुझ्या वकीलसाहेबांच्या. तुझ्या कॉटचा दांडा धरून उभे होते, रुमाल सापडेना म्हणून कोटाच्या बाहीने डोळे पुसले होते. तुझ्याही केसपेपरवर डॉक्टरांनी 'जिन्यावरून पडला' लिहिलं होतं, आणि ते खोटं आहे हे सांगायला साहेबांनी मलाच साक्षीला उभं केलं होतं. ते म्हणाले होते, "ताई, भाषण करायचं नाही. पाहिलंत तेवढं सांगायचं." मी सांगितलं. त्यापायी माझी बढती गेली, त्याचं मला कधी काही वाटलं नाही.

रेडिओ ऐकला. शेजारीणही आली होती, आईने तिला मुद्दाम बोलावलं होतं. विरोधकांनी कंडक्टरचं विचारलं, तशी साहेब उठले. म्हणाले, "माझ्या सचिवाचा कान यांच्या राज्यात फोडला गेला. यांनी आम्हाला माणुसकी शिकवू नये." मग बाकं वाजली, ती किती तरी वेळ वाजत होती. शेजारीण म्हणाली, वा, तुमच्या मुलाचं नाव निघालं. आईही हसली. थोड्या वेळाने मला म्हणाली, "पण त्या कंडक्टरचं काय झालं ते सांगितलंच नाही गं त्यांनी."

ते वाक्य तू लिहिलंस का? खरं सांग. साहेब 'फोडला गेला' म्हणाले नसते, 'फोडला' म्हणाले असते. ती तुझी लिहायची पद्धत आहे.

आता जे सांगायला हे पत्र घेतलं ते सांगते. परवा कंडक्टरचा जबाब घ्यायला पोलिसांचा मोठा अधिकारी आला. मी ड्रेसिंग करत होते. पाठ असतानाच मला आवाज ओळखू आला. तुझ्या वेळी हा इन्स्पेक्टर होता, कोर्टाच्या व्हरांड्यात मी त्याला रोज बघायचे. तू शुद्धीवर आल्यावर पहिलं मला काय सांगितलं होतंस, आठवतं? "ताई, त्याने आधी हातमोजे घातले. एकेक बोट नीट ओढून घेतलं. मग माझ्याकडे बघितलं." तेव्हापासून आपण त्याला हातमोजेवाला म्हणतो. आता त्याच्या खांद्यावरच्या पट्ट्या वाढल्यात, केस पिकलेत.

कंडक्टरने त्याला बघून ओळखलं नाही, कारण ठाण्यात पूर्ण वेळ त्याच्या डोळ्यांवर पट्टी होती. पण याने तोंड उघडून नाव विचारलं आणि त्या माणसाने कॉटमध्ये लघवी केली. मी चादर बदलली. त्या वेळात हा तिथेच उभा होता. जाताना मला म्हणाला, "सिस्टर, तुम्ही मला ओळखलंत. भाऊ बरे आहेत तुमचे. रोज भेट होते आमची."

रोज?

ताई


१२ मार्च

ताई,

उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहून फाडलं.

हो, रोज. तो साहेबांच्या सुरक्षेचा प्रमुख आहे, सरकार आलं तेव्हापासून, आणि आता संपाचा तपासही त्याच्याकडेच आहे. तुला सांगितलं नाही, कारण तुला समजणार नाही असं वाटलं. अजूनही वाटतं. तरी सांगतो.

साहेब मंत्री झाले त्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं, आता माझा खटला चालवा. अजून माझी साक्ष व्हायची होती. ते म्हणाले, बस. मग त्यांनी समजावलं. हा माणूस कामाचा आहे. कोण कुठे काय शिजवतंय याची खडान्‌खडा माहिती त्याला असते. आधीच्या सरकारने त्याच्या आधीच्यांची माणसं ठेवून घेतली होती, त्यांनी त्यांच्या आधीच्यांची. आपण एकट्यांनीच सगळी काढून टाकली तर सहा महिन्यांत आपणच बाहेर. मला पटलं. मी अर्ज मागे घेतला. तो खटला रखडला असं तुला वाटत होतं, तो रखडला नाही, मी काढून घेतला.

आता राग येईल तुला, पण पुढचं ऐक. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या पायऱ्या चढत होतो. तो दारात उभा होता. त्याने मला सलाम केला. टाचा जुळवून, सगळ्यांसमोर. तेव्हापासून रोज सकाळी करतो. ज्याने मला लाथ मारून भिंतीकडे तोंड करायला लावलं होतं तो रोज मला सलाम करतो आणि माझ्यासाठी दार उघडतो. कोर्टाने काय दिलं असतं? दोन वर्षांची सजा, तीही अपिलात सुटली असती. माझा न्याय मला रोज सकाळी मिळतो. तू हसशील, पण सुरुवातीचे कित्येक महिने मी मुद्दाम काहीतरी विसरल्याचं दाखवून पुन्हा खाली जायचो आणि पुन्हा वर यायचो.

ते वाक्य मी लिहिलं, हेही खरं. कान माझा आहे, तो कुठे वापरायचा हे मीच ठरवणार.

आता मुद्द्याचं. चौकशीत साक्ष द्यायला तू नाव नोंदवलंस असं कळलं. न्यायाधीशांच्या ऑफिसातून यादी आमच्याकडे येते, ती यायला नको, पण येते. पूर्वीही यायची. तू नाव मागे घे. तुला काही होऊ नये म्हणून सांगतोय. बदलीच्या गोष्टी चालल्यात. साहेबांना अजूनही तू 'ताई'च आहेस, पण बाकीच्यांना नाहीस.

आणि तू कोणाच्या हातात खेळतेयस याचा विचार कर. ज्यांनी मला मारलं तेच उद्या तुझी साक्ष वर धरून नाचतील.

धाकटा


२० मार्च

धाकट्या,

तुझं एक म्हणणं खरं निघालं. ते आले.

रविवारी सकाळी दारात मोठी गाडी थांबली. आधीच्या सरकारातले मंत्री, ज्यांच्या काळात तुला उचललं ते. हातात फुलांचा गुच्छ, मागे फोटोवाला. मला म्हणाले, तुमच्यासारख्या बायका आहेत म्हणून देश उभा आहे. आई आतून येऊन बघत होती. ते कोण हे तिला कळलं नाही, तिने पाणी आणलं.

मी त्यांना म्हटलं, साहेब, माझ्या भावाचा कान तुमच्या काळात गेला, त्याबद्दल आधी बोलू या. ते जराही गडबडले नाहीत. मान हलवली, दुःखी चेहरा केला आणि म्हणाले, "ते दुर्दैवी होतं. पण ताई, आमच्या आधीच्यांनी आमच्या पोरांना कसं वागवलं ते तुम्हाला ठाऊक नाही."

साहेबांची आणि यांची, दोघांची भाषणं तूच लिहितोस का रे? मला खरंच हसू आलं. त्यांना वाटलं मी मानलं, म्हणून त्यांनी फोटोवाल्याला खूण केली. मी दार उघडलं आणि उघडंच धरून उभी राहिले, ते बाहेर पडेपर्यंत. गुच्छ शेजारणीला देऊन टाकला.

त्यांच्याही आधीचे कोण होते ते मी आईला विचारलं. तिला आठवेना. म्हणाली, कोणीतरी होतेच.

बुधवारी माझी साक्ष झाली. भाषण केलं नाही, पाहिलं तेवढं सांगितलं. तळवे सांगितले, बोटं सांगितली, जबाब घ्यायला आलेल्या माणसाचा आवाज ऐकून पेशंटचं काय झालं ते सांगितलं. ते सांगताना कंडक्टरची बायको समोर बसली होती. शर्टाच्या कारखान्यात बटणं लावते ती, तेवढ्यासाठी रजा घेऊन आली होती. तिच्यासमोर ते बोलणं मला जड गेलं; तिलाही ऐकवेना, ती उठून बाहेर गेली. मग मी म्हटलं की अशाच जखमा मी पूर्वी माझ्या भावाच्या अंगावर पाहिल्या आहेत, आणि ज्याने त्या केल्या तो हाच अधिकारी असं भावाने मला त्याच वेळी सांगितलं होतं. सरकारी वकील उठला आणि म्हणाला, ही ऐकीव गोष्ट आहे. न्यायाधीश म्हणाले, मग ज्याच्याकडून ऐकली त्यालाच बोलावू.

म्हणजे तुला बोलावतील. तुझ्या डोळ्यांवर पट्टी नव्हती. कंडक्टरने त्याला पाहिलं नाही, मी फक्त जखमा पाहिल्या. मारणाऱ्याचा चेहरा पाहिलेला तू एकटा आहेस.

मी तुला साहेबांच्या विरुद्ध बोल असं म्हणत नाही. सरकार पाड म्हणत नाही. कोण होता, एवढं सांग.

तू शाळेत असताना एकदा मास्तरांनी तुला उगाच मारलं होतं, तेव्हा तू घरी येऊन रडला नाहीस. दुसऱ्या मुलाला मारलं त्या दिवशी रडत आला होतास. आई अजून सांगते.

ताई


२६ मार्च

ताई,

बोलावणं आलं. तुझं पत्र सकाळपासून खिशात घेऊन फिरतोय.

आज त्याने सलाम केला तेव्हा मी पहिल्यांदाच त्याच्या हातांकडे बघितलं. काय वाटलं ते लिहीत नाही.

मी येतोय. साहेबांना अजून काही बोललो नाही आणि बोलणारही नाही. तुला वाटतो तेवढा मी बदललेलो नाही. आईला सांग, साक्ष झाली की घरी जेवायला येईन.

धाकटा


१४ एप्रिल

ताई,

मी जेवायला आलो नाही. आई वाट बघत बसली असेल, त्याबद्दल तिची माफी माग.

तू हॉलमध्ये होतीस, त्यामुळे काय झालं ते सांगत नाही. का झालं ते सांगतो.

आदल्या दिवशी साहेबांनी घरी बोलावलं. धमकी दिली असेल असं तुला वाटेल. नाही. बायकोला चहा करायला सांगितलं आणि माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "तुला जे आठवतं ते सांग. मी अडवणार नाही. फक्त घरी जाताना एवढा विचार कर, की आपण गेलो तर कोण येणार." बस, एवढंच.

मी रात्रभर तोच विचार केला. मी नाव घेतलं असतं तर हातमोजेवाला गेला असता, त्याला ठेवून घेणारे साहेबही गेले असते. आणि कोण आलं असतं? गुच्छ घेऊन तुझ्या दारात आला होता तो. त्याने हातमोजेवाल्याला चार महिन्यांत परत घेतला असता. कंडक्टरची बोटं त्याने सरळ झाली असती का? या सरकारने शाळांतली फी माफ केली, तुझ्या हॉस्पिटलला नवं यंत्र दिलं, ते सगळं एका नावापायी घालवायचं? मोठ्या कामात असं काहीतरी गिळावंच लागतं. सगळ्यांनी गिळलंय. माझ्या जागी कोणीही असता तरी हेच म्हणाला असता.

तू गर्दीत कुठे बसलीयस ते मी आधी शोधलं. तिथे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं.

तुझ्या बदलीचा हुकूम निघाला होता, कुठल्यातरी आडबाजूच्या दवाखान्यात. मी तो थांबवलाय. यात संकोच करू नकोस. सगळेच आपल्या माणसांसाठी करतात, आधीचे तर पुतण्यांपर्यंत जायचे.

उत्तर लिही. रागाचं असलं तरी लिही.

धाकटा


३० जून

धाकट्या,

लगेच लिहिलं असतं तर तोंडाला येईल ते लिहिलं असतं, म्हणून थांबले. आता चौकशीचा अहवाल आलाय.

तू वाचला असशीलच, कदाचित भाषाही तुझीच असेल. कंडक्टरला मारहाण झाली हे न्यायाधीशांना मान्य आहे. पण असे प्रकार पूर्वीच्या काळातही झाल्याचे पुरावे समोर आले, त्यामुळे हा व्यवस्थेचा जुना दोष आहे आणि त्यासाठी कोणा एका व्यक्तीला जबाबदार धरणं न्याय्य होणार नाही. पूर्वीच्या काळातला पुरावा म्हणून तुझी साक्ष जोडलीय. तुला मारणारा सापडला नाही, म्हणून त्याला मारणाराही सुटला. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्याबद्दल एकच ओळ आहे, परिचारिकेचा हेतू चांगला पण मन जुन्या दुःखाने दूषित.

कंडक्टरला घरी पाठवलं. चालतो आता, काठीने. हात बरा झाला पण बोटं मिटत नाहीत, तिकीट फाडता येत नाही. कंपनीने त्याला डेपोत बसवलंय, येणाऱ्या-जाणाऱ्या बसचे नंबर ओरडून सांगायचं काम दिलंय. युनियनमध्ये आता दुसरा माणूस आहे.

बदली थांबवलीस ते कळलं. मेट्रनने मला खुर्ची दिली, तेव्हाच कळलं. त्याच दिवशी मी मुख्य ऑफिसात जाऊन अर्ज दिला, की मूळ हुकूम निघाला होता तसाच ठेवा. तिथला कारकून माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, बाई, रद्द करायला लोक रांग लावतात. तर मी पुढच्या सोमवारी जातेय. दवाखाना लहान आहे, एक डॉक्टर आणि मी. आई बरोबर येतेय. तिला मी सगळं सांगितलं. तिने रेडिओ शेजारणीला देऊन टाकला, म्हणाली तिकडे लागेल न लागेल.

तू लिहिलंस की हॉलमध्ये काय झालं ते सांगत नाहीस. मी सांगते, कारण तू तिथून दिसत होतास कसा हे तुला माहीत नाही.

तू फार चांगलं बोललास. सरकारी वकिलाने पूर्वीच्या सरकारच्या काळात काय झालं ते विचारलं, आणि तू सगळं सांगितलंस. ओल्या भिंतीचा वास, बादलीचा आवाज, कान फुटला तेव्हा सगळं पाण्याखाली गेल्यासारखं झालं ते. हॉलमध्ये कोणी हलत नव्हतं. माझ्यासमोर एक म्हातारा डोळे पुसत होता. कंडक्टरच्या बायकोने माझा हात धरला होता, आणि तू बोलत होतास तसा तो घट्ट होत गेला. तिला वाटलं, आता सांगणार हा.

मग न्यायाधीशांनी विचारलं, मारणारा कोण होता? तो तिसऱ्या रांगेत बसला होता. तू त्याच्याकडे बघितलं नाहीस. माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "चेहरा आठवत नाही." त्यांनी विचारलं, नक्की? तू म्हणालास, "नक्की."

माझ्या हातातला तिचा हात सुटला. तिने काढून घेतला नाही, नुसता ढिला पडला.

तू लिहिलंस, मोठ्या कामासाठी काहीतरी गिळावं लागतं. तुझ्यावर जे झालं ते तू गिळलंस, तो तुझा प्रश्न. पण कंडक्टरवर जे झालं ते तुझं नव्हतं. ते गिळायला तुला कोणी सांगितलं होतं? आणि कोण येणार म्हणून विचारतोस, तर जो येईल त्यालाही आम्ही हेच विचारलं असतं. आता विचारायला तोंड ठेवलं नाहीस. उद्या तो आला आणि त्याने कोणाला तरी जिन्यावरून पाडलं, की तो तुझा अहवाल काढून दाखवेल.

मला तुझा राग नाही असं लिहिणार होते. ते खोटं आहे. आहे. तू लहान होतास म्हणून मी तुझं खूप काही पोटात घातलं, हे मात्र पोटात जात नाही. तिकडे यायचं असेल तर आईला भेटायला ये. मला सवड असेलच असं नाही.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मी हॉलमधून बाहेर पडले तेव्हा कंडक्टरची बायको पायऱ्यांवर माझ्यासाठी थांबली होती. म्हणाली, तो शेवटचा साक्षीदार तुमच्याकडेच बघत होता, ओळखतो का तुम्हाला? मी म्हटलं, "माझा भाऊ."

मग मलाच वाईट वाटू नये म्हणून, माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "जाऊ द्या हो सिस्टर. सगळ्यांच्याच घरात असतो असा एखादा."

मी म्हटलं, "नाही बाई. हा माझ्या घरात आहे."

ताई